‘द सटल नाइफ’ मुलांना मराठीत वाचून दाखवायचंय? मग आधी हे वाचा

गेल्या पावसाळ्यात खानापूरला भावाच्या घरी मी पाच मुलांना फिलिप पुलमन यांचं ‘द सटल नाइफ’ वाचून दाखवलं. पुस्तक इंग्रजी, सांगायचं मराठीत, आणि ऐकणाऱ्यांतला एक मुलगा घरी कन्नड बोलणारा. पहिली तीन प्रकरणं मी नुसती समोर येईल तसं भाषांतर करत रेटली. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी भाचीनं विचारलं, “आत्या, आत्ता आपण कुठल्या जगात आहोत?” आणि बाकीच्यांनाही ते सांगता येईना. मग सगळं थांबवलं, आठवडाभर नीट तयारी केली आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. ही तयारी कशी करायची, ते इथे लिहिते आहे. बेळगाव, निपाणी, चंदगड, कुठल्याही घरात हे जमण्यासारखं आहे.

वाचून दाखवणाऱ्याला गोष्ट आधी माहीत असावीच लागते, त्यामुळे खाली सगळं उघड केलं आहे.

काय काय लागेल

- या कथामालेतली तिन्ही पुस्तकं. तिसरंसुद्धा आत्ताच घ्या, कारण नवव्या पायरीत आहे.
- एक दोनशे पानी वही आणि तीन रंगांच्या पेन्सिली.
- इंग्रजी-मराठी शब्दकोश. मोबाइलमधला चालेल, पण वाचताना नको, आदल्या दिवशी.
- चार्जिंगचा दिवा. खानापुरात जुलैमध्ये वीज कधी जाईल याचा नेम नाही.
- जुन्या साडीचा किंवा लुगड्याचा एक तुकडा, ज्याची शिवण दिसते असा. कशासाठी, ते सहाव्या पायरीत.

१. पहिलं पुस्तक आधी, आणि ते एकदाच विकत घ्या

‘द सटल नाइफ’ हे तिन्हींतलं मधलं पुस्तक आहे, १९९७ सालचं. पहिलं १९९५ मध्ये आलं, तिसरं २००० मध्ये. मधलं स्वतंत्रपणे वाचता येईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. लायरा कोण, तिच्या मागावर कोण, तिच्याजवळचं ते यंत्र कसलं, हे काहीच इथे नव्यानं सांगितलेलं नाही.

आता सापळा. पहिल्या पुस्तकाला दोन नावं आहेत. इंग्लंडात ते ‘नॉर्दर्न लाइट्स’, अमेरिकेत ‘द गोल्डन कंपास’. सिनेमाही दुसऱ्याच नावानं निघाला. माझ्या भावानं एक नाव बेळगावात बघून घेतलं, दुसरं पुण्याहून मागवलं, आणि घरी आल्यावर दोन्ही उघडली तर आत एकच गोष्ट! पैसे गेले ते गेलेच. तिन्ही भाग एकत्र असलेला जाडजूड ग्रंथही मिळतो, पण तो मांडीवर धरून तासभर वाचणं हाताला झेपत नाही. सुटी पुस्तकं बरी.

२. कुणाला वाचून दाखवायचं ते ठरवा

या गोष्टीतली मुख्य मुलं, विल आणि लायरा, दोघंही बारा वर्षांच्या आसपासची आहेत. ऐकणारी मुलंही अकरा-बाराच्या खालची नकोत. आमच्यात एक साडेआठ वर्षांचा होता. त्याला दुसऱ्या प्रकरणानंतर मी घरी पाठवायला हवं होतं, आणि पाठवलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. त्या प्रकरणात बोटीवर एका चेटकिणीचे हाल करून तिच्याकडून माहिती काढतात. तो रात्री झोपला नाही.

मुलांच्या आईवडलांशी आधी बोला. या कथेत चर्चची सत्ता ही विरोधातली बाजू आहे, आणि थेट ईश्वरी सत्तेविरुद्ध युद्धाची तयारी चाललेली आहे. आपल्या भागात, विशेषतः खानापूर तालुक्यात, ख्रिश्चन घरं बरीच आहेत आणि आमच्या गटातही त्या घरचं एक मूल होतं. मी त्याच्या आईला जाऊन सगळं आधी सांगितलं. तिनं पुस्तक दोन दिवस ठेवून घेतलं, मग म्हणाली, “वाचा, पण त्याला प्रश्न पडला तर माझ्याकडे पाठवा.” असं आधी मोकळेपणानं बोललं की मध्येच वाचन थांबत नाही.

३. तीन जगांची वही

पहिलं पुस्तक एकाच जगात घडतं. दुसरं तीन जगांत उड्या मारतं: लायराचं जग, विलचं म्हणजे आपलं जग, आणि तिसरं चित्तागाझे शहराचं जग. प्रत्येक जगाला एक रंग द्या. आमच्याकडे लायराचं निळं, आपलं हिरवं, चित्तागाझेचं लाल. रोज वाचायला बसण्याआधी एका मुलानं वहीत तारीख, प्रकरण आणि रंगाचा ठिपका काढायचा. प्रकरणाच्या मध्येच जग बदललं तर तिथे नवा ठिपका. एकूण पंधरा प्रकरणं आहेत, म्हणजे वही काही फार भरत नाही, पण “आत्ता आपण कुठे?” हा प्रश्न पुन्हा आला नाही.

दोन ऑक्सफर्डांचा घोळ मात्र ठिपक्यानं सुटत नाही. लायरा आपल्या जगातल्या ऑक्सफर्डमध्ये येते. काही इमारती ओळखीच्या, रस्ते ओळखीचे, आणि जिथे ती लहानाची मोठी झाली ते जॉर्डन कॉलेज मात्र नाहीच. ते नसण्याची धास्ती मुलांपर्यंत पोचली पाहिजे. मी म्हटलं, समजा तुम्ही बेळगावात उतरलात. किल्ला आहे, खंदक आहे, आत कमल बस्तीचं जैन मंदिर आहे. गणपत गल्लीतली गर्दीही आहे. पण तुमच्या घराच्या गल्लीत वळलात तर तिथे गल्लीच नाही, आणि ती कुठे गेली असं विचारलं तर लोक तुमच्याकडेच बघताहेत. पाचही जण गप्प झाले. मग मी वाचायला लागले.

४. शब्द आधी ठरवा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

वाचता वाचता शब्द शोधायला गेलात की गोष्ट हातातून जाते. आणि आज एक शब्द, उद्या दुसरा, असं झालं तर मुलं दोन वेगळ्या गोष्टी समजतात. माझी ठरलेली यादी आणि तिच्यामागचं कारण सांगते.

*डीमन.* लायराच्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपात बरोबर असतो. इंग्रजी शब्द दिसतो तसा ‘डेमन’ वाचू नका आणि राक्षस, सैतान असं तर मुळीच म्हणू नका, सगळी गोष्ट उलटी होईल. मी सुरुवातीला ‘प्राणिरूप आत्मा’ म्हणत होते. जड आणि निर्जीव. मग भाचीच म्हणाली, “म्हणजे राक्षसाचा जीव पोपटात असतोय, तसं की!” त्या दिवसापासून आम्ही ‘जीव’ म्हणायला लागलो, आणि मराठीनं पुढचं सगळं काम स्वतःच केलं. लायराचा जीव घाबरला. लायराचा जीव तिच्या खांद्यावर बसला. विलला वाटलं, हिचा जीव आपल्याकडे बघतोय. जीव टांगणीला लागणं, जीव लावणं, जिवात जीव येणं, आपण रोज बोलतो ते सगळं अचानक खरंखुरं दिसायला लागलं. विल पहिल्यांदा भेटतो तेव्हा लायरा दचकते, कारण त्याचा जीव कुठे दिसत नाही. तो आत आहे, एवढंच सांगायचं. आणि कन्नड बोलणाऱ्या मुलाला हे समजावून सांगावंच लागलं नाही. त्याच्याकडेही शब्द तोच, जीव.

*डस्ट.* लायराच्या जगातले गूढ कण. सरळ ‘धूळ’ म्हणा. ‘रजःकण’ वगैरे नको. कन्नडात ‘धूळु’, म्हणजे इथेही दोन्ही घरं एकाच शब्दावर आली. पण लक्षात ठेवा, याच गोष्टीला या पुस्तकात आणखी दोन नावं मिळतात. आपल्या जगातली शास्त्रज्ञ मेरी मलोन कृष्ण पदार्थावर संशोधन करते आहे, आणि तिच्या प्रयोगशाळेत त्या कणांना ‘शॅडो’, सावल्या म्हणतात. धूळ, सावल्या, कृष्ण पदार्थ: तीन दालनांतून एकाच वस्तूकडे बघणं चाललं आहे. हे मुलांना स्वतःहून उमगू द्या. मेरीच्या संगणकाच्या पडद्यावर उत्तरं उमटायला लागतात तिथे आमच्या गटातला एक जण ओरडला, “ही तीच धूळ आहे!” तो आनंद तुम्ही आधी सांगून घालवू नका.

*स्पेक्टर.* इथे मी चुकले. पहिल्यांदा ‘सावली’ म्हटलं, आणि मेरीच्या सावल्या आल्यावर सगळा गोंधळ झाला. मग ‘लागीर’ म्हणून बघितलं. पण आपल्याकडचं लागीर माणसात शिरतं, त्याच्या तोंडून बोलतं. हे उलट आहे. स्पेक्टर मोठ्या माणसाचं सगळं आतलं शोषून घेतात आणि तो नुसता उभा राहतो, त्याला कशाचंच काही वाटत नाही. मुलांना ते दिसत नाहीत आणि काही करतही नाहीत, म्हणून चित्तागाझेत फक्त मुलं उरलेली. शेवटी शब्द तसाच ठेवला, स्पेक्टर.

*अलेथिओमीटर.* लायराजवळचं ते यंत्र. पहिल्या पुस्तकाच्या अमेरिकन नावामुळे मुलं ‘होकायंत्र’ म्हणतील. ते दिशा दाखवत नाही, प्रश्नाचं खरं उत्तर देतं. तबकडीवर छत्तीस चित्रं, तीन काटे आपण लावायचे, चौथा आपोआप फिरतो. आमच्या मुलांनी ‘खरंयंत्र’ असं नाव पाडलं आणि मी ते लगेच घेतलं.

*आणि शीर्षकातली ती सुरी.* ‘सटल’ला शब्दकोशात सूक्ष्म, तरल, गूढ असं काहीबाही मिळतं. ‘दुधारी’ म्हणायचा मोह होतो, कारण तिच्या दोन धारांची कामं खरंच वेगळी आहेत: एक कुठलाही पदार्थ कापते, दुसरी दोन जगांमधला पडदा. पण दुधारी म्हटलं की डोळ्यांसमोर तलवार येते आणि नाजूकपणा संपतो. मी ‘तलम सुरी’ घेतलं. तलम हा कापडाचा शब्द. शहापूर-वडगावच्या मागांवर लुगडी विणणाऱ्यांच्या गावात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही, आणि पुस्तकातही ती सुरी वापरायला शिकवताना टाक्यांचीच उपमा येते.

शब्द निवडताना धीर सुटला तर आपल्याच जिल्ह्यातल्या एकसंब्याला जन्मलेल्या जी. ए. कुलकर्णींची भाषांतरं काढून बघा. कॉनरॅड रिक्टर यांच्या तीन कादंबऱ्यांना त्यांनी नावं दिली ती ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’. मधल्या ‘शिवार’वर मी किती तरी वेळ थांबले होते. मूळ नावाचा अर्थ शेतं असा आहे, आणि त्यांनी रान आणि गाव यांच्या मध्ये बसणारा नेमका शब्द शोधला.

५. रोज किती वाचायचं

एका बैठकीत अर्धं प्रकरण. आदल्या रात्री तेवढी पानं एकदा मनात मराठी करून वाचून ठेवा. चेटकिणींची आणि मोठ्या फुग्यातून आकाशात फिरणाऱ्या ली स्कोर्सबीची प्रकरणं सुरुवातीला लांबतात. तिथे संवाद पूर्ण सांगा, वर्णनं आटोपती घ्या. विल-लायराच्या भागात मात्र काही गाळू नका. विल भुकेल्या लायराला ऑम्लेट करून घालतो, ही बारीक गोष्टसुद्धा नाही. अनोळखी शहर, मोठं माणूस एकही नाही, आणि एक मुलगा शांतपणे अंडी फोडतो आहे: मुलांनी विलवर विश्वास ठेवला तो तिथे.

६. खिडकी आणि सुरी हातानं दाखवा

हवेतली खिडकी शब्दांनी समजत नाही. पहिली खिडकी विलला एका मांजरीमुळे सापडते: रस्त्याकडेच्या झाडांजवळ ती पंजा पुढे करते, चार पावलं टाकते आणि नाहीशी होते. तो चौकोन एका बाजूनंच दिसतो, कडेनं बघितलं तर काहीच नाही. मुलं दरवाजा, बोगदा, प्रकाश, असं काहीतरी कल्पून बसतात.

मी त्यांना शिनोळीचा रस्ता आठवायला सांगितला. बेळगावहून चंदगडकडे जाताना कर्नाटकातली बाची संपते, महाराष्ट्रातली शिनोळी येते, रस्ता तोच, उसाची शेतं तीच, पाऊस तोच. भिंत नाही, दार नाही. फक्त पाट्यांवरची अक्षरं बदललेली असतात आणि कळतं की आपण पलीकडे आलो. “मग खिडकी कुठं होती?” असं त्यांनी विचारलं. “विलला पण तेच कळत नव्हतं,” मी म्हटलं.

सुरी चालवण्यासाठी साडीचा तुकडा घ्या. आठव्या प्रकरणात विल शिकतो तेव्हा त्याला पातं रेटायचं नसतं. सगळं लक्ष टोकाशी नेऊन, दोन टाक्यांमधली फट चाचपावी तशी हवेतली फट शोधायची असते. मी मुलांना डोळे मिटायला लावले, हातात बोथट टोकाची दाभणाएवढी सुई दिली आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या शिवणीवरून ती हळूच सरकवायला सांगितली. जो जोर लावतो त्याची सुई कापडावरून घसरते. जो हात सैल सोडतो त्याची सुई एका जागी अलगद अडकते. सगळ्यात दांडगट पोराची सुई चौथ्या वेळी अडकली, तेव्हा तो डोळे न उघडताच म्हणाला, “हितं आहे.” पुढे विल खिडकी बंद करतो, ती कडा चिमटीत धरून मिटवत जातो, तेव्हा मुलांची बोटं आपोआप हलत होती.

७. अवघड जागा आधी माहीत असू द्या

विलची आई. तिला नसलेले शत्रू दिसतात आणि विल लहानपणापासून तिला सांभाळतो, कुणाला कळू न देता. तो भाग मी पटकन संपवायला निघाले होते. पण आमच्यातली एक मुलगी, जिच्या आजीला आता माणसं ओळखता येत नाहीत, हळूच म्हणाली, “परत वाच.” मी परत वाचला. कुणी काही बोललं नाही. अशा ठिकाणी समजावून सांगू नका, परत वाचा.

विलची बोटं. सुरी मिळवताना त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट तुटतं, आणि जखम पुढे कित्येक प्रकरणं वाहत राहते. तीच दोन बोटं सुरीच्या आधीच्या धन्याचीही नसतात. रक्ताचं वर्णन कमी करा, पण बोटं गेली हे लपवू नका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तुलिओ. वयात येण्याच्या उंबरठ्यावरचा तरुण, सुरी हातची गेल्यावर स्पेक्टरांना सापडतो. भिंतीचे दगड मोजत उभा राहतो. हे मला सगळ्यात भीतिदायक वाटतं, मुलांना तितकं वाटलं नाही.

चौदावं प्रकरण, ली स्कोर्सबीचा शेवट. त्याचा जीव म्हणजे हेस्टर नावाची सशीण. तो एकटा खडकाआडून सैनिकांना रोखून धरतो, गोळ्या संपत येतात, हेस्टर त्याला शेवटपर्यंत सांगत असते कुठे नेम धरायचा. हे प्रकरण संध्याकाळी उशिरा घेऊ नका आणि अर्ध्यावर थांबवू नका. शेवटच्या परिच्छेदापाशी मी इंग्रजी वाक्य बघत राहिले आणि माझ्या तोंडून एवढंच आलं, “आणि त्याचा जीव गेला.” आपण हे रोज म्हणतो. त्या दिवशी माझाच आवाज फुटला. दिवे गेलेले होते. मुलांनी चार्जिंगचा दिवा लावू दिला नाही.

८. पडद्यावरचं नंतर

२००७ चा सिनेमा फक्त पहिल्या पुस्तकावर आहे, त्यात हे काहीच नाही. टीव्ही मालिका निघाली ती २०१९ पासून, आणि तिचा २०२० मधला दुसरा सीझन या मधल्या पुस्तकाचा, सात भागांचा. पुस्तक संपल्यावर दाखवा. आधी दाखवलात तर प्रत्येकाच्या डोक्यात तयार झालेलं चित्तागाझे पुसलं जाईल.

९. शेवटच्या दिवसाची तयारी

पंधराव्या प्रकरणात विलला वडील सापडतात. अंधारात, एकमेकांना न ओळखता झटापट करून, मग वडील त्याच्या जखमेवर औषध लावतात, आणि ओळख पटते त्याच क्षणी एका चेटकिणीचा बाण त्यांना लागतो. विल धावत परत येतो तर लायरा नाही. पुस्तक तिथेच संपतं.

म्हणून तिसरं पुस्तक घरात असलंच पाहिजे. आमच्याकडे नव्हतं. ते यायला नऊ दिवस लागले आणि रोज संध्याकाळी दोघं-तिघं ओट्यावर येऊन विचारून जायची. तुम्ही शेवटचं प्रकरण रविवारी चार वाजता सुरू करा. साडेपाचपर्यंत संपेल. मग मुलांना काहीतरी खायला द्या, वहीत शेवटचा ठिपका काढून घ्या, आणि दिवेलागणीच्या आत तिसऱ्याचं पहिलं प्रकरण उघडा. लायरा कुठे आहे ते त्यातच कळतं.